किरायाच्या गाडीचे प्रस्थान

हैदराबाद संस्थान विलीन झाले ते फौजेमुळे, असे शाळेच्या पुस्तकांत लिहिलेले असते, आणि ते खोटे नाही. पण त्यानंतर परभणी जिल्ह्याच्या व्यापाराला चाके लावली ती आम्ही, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो. आम्ही म्हणजे दोन गाड्या. त्यांतली एक बहुधा दुरुस्तीला असे, आणि दुसरी कुठे आहे हे गिऱ्हाईक परत येईपर्यंत आम्हाला कळत नसे.

मी त्या धंद्यात मुन्शी होतो. हुद्दा निजामी अमलातला, काम नव्या राज्यातले. आमच्या मालकांनी सिकंदराबादेला लष्करी गाड्यांच्या लिलावात दोन लहान ट्रक घेतले होते. परभणीच्या सुताराने त्यांच्या पाठीवर लाकडी पेट्या बसवल्या, पेट्यांना मागून दार केले, आणि तयार झालेल्या वस्तूला मालक व्हॅन म्हणू लागले. गाव तिला डबा म्हणे. आधी आली ती थोरली, मागून आली ती धाकटी. आकाराने दोघी सारख्याच होत्या.

सुरुवातीला मालकांनी पगारी ड्रायव्हर ठेवले. एक ड्रायव्हर महिन्याभरात हैदराबादेला गेला तो गेलाच. दुसऱ्याचे वाटेतल्या प्रत्येक गावात कोणी ना कोणी सोयरे निघत, आणि सोयऱ्यांकडे जेवल्याशिवाय पुढे जाणे त्याला अपमानाचे वाटे. मालक चिडले. त्यांनी ठरवले की यापुढे गाडी आपली आणि चालवणारा गिऱ्हाइकाचा. मी पाटी लिहिली: ‘मालाची ने-आण करण्यास गाडी किरायाने मिळेल. चालक ज्याचा त्याने आणावा.’ पहिल्या आठवड्यात सेलूच्या बाजूचे एक पाटील आले. त्यांनी गाडीभोवती फिरून पाहिले, पाटी दोनदा वाचून घेतली आणि विचारले, “बैल चालतील का?”

आज हे वाचणाऱ्यांना वाटेल की अशा गावात स्वतः गाडी हाकणारे गिऱ्हाईक मिळणार कुठून. पण मिळत. संस्थानची फौज मोडली तेव्हा तिच्यातले पुष्कळ मोटार चालवणारे घरी आले होते. त्यांना गाडी येत होती आणि गाडी नव्हती. इकडे व्यापाऱ्यांकडे माल होता, आणि सरकारी बसच्या टपावर जे मावेल तेवढेच त्याचे नशीब. आमचा धंदा या दोघांच्या मधोमध उभा होता.

काम सोपे होते. गिऱ्हाईक आले की मी आधी लायसन पाही. जुनी लायसने उर्दूत असत आणि माझे शिक्षणही उर्दूत झालेले, त्यामुळे चुलतभावाचे लायसन घेऊन येणाऱ्यांची माझ्यापुढे पंचाईत होई. मग वेळूची एक काठी टाकीत बुडवायची. तिच्यावर खुणा केलेल्या असत. जितक्या खुणेपर्यंत पेट्रोल भरून दिले तितक्या खुणेपर्यंत भरून परत आणायचे. शेवटी गिऱ्हाइकासोबत गाडीला एक प्रदक्षिणा घालायची आणि पोच्यांच्या वहीवर त्याची सही घ्यायची.

ही वही म्हणजे माझी एकमेव साहित्यसेवा. गाडीच्या अंगावर जितके पोचे तितक्या तिच्यात नोंदी. ‘उजव्या चाकावर, लिंबाएवढा, मानवतच्या फाटकाचा.’ ‘मागील दाराखाली, हातभर लांब, म्हशीचा, म्हैस सुखरूप.’ गाडी परत आली की पुन्हा प्रदक्षिणा. नवा पोचा सापडला तर तो आधीपासून होता असे प्रत्येकजण सांगे. वही उघडली की बहुतेक गप्प होत. एकाने मात्र शांतपणे विचारले, “मग हे लिहिताना तुमी याला कसं विसरले?”

गिऱ्हाइकांत माझे लाडके होते भालेराव मास्तर. शाळा उर्दूतून मराठीत आल्या आणि मराठी पुस्तकांना एकदम मागणी आली, तेव्हा मास्तरांनी मास्तरकी सोडून पुस्तके पोचवण्याचा व्यवसाय सुरू केला. गाडी ते उत्तम चालवीत. फक्त त्यांना ती मागे घेता येत नसे. शिकायचीही त्यांची तयारी नव्हती. “मुन्शीजी, नव्या जमान्यात मागं जायची गरज काय?” असे ते विचारीत, आणि त्या दिवसांत हा प्रश्न सभेतल्यासारखा वाटे. परिणाम एवढाच झाला की शाळेची ऑर्डर घेण्याआधी ते आवाराला मागून दार आहे का हे पाहून येत. पाथरीच्या बाजूच्या एका शाळेला तिसरीची पुस्तके दोन महिने उशिरा मिळाली, कारण तिचे आवार एकाच फाटकाचे होते. अखेर हेडमास्तरांनी मागची भिंत गाडीपुरती पाडून घेतली. शिक्षणासाठी भिंत पाडल्याबद्दल त्यांचा पुढे सत्कार झाला असे ऐकले.

आता नियमाची गोष्ट सांगतो, कारण खरी हकीकत तिथून सुरू होते.

एकदा एक मंत्री परभणीला येणार असे ठरले. सभेच्या खुर्च्या आणायला गाडी हवी होती. धाकटी दुरुस्तीला होती आणि थोरली एका कासाराने मानवतच्या बाजारासाठी नेलेली. मालकांनी मला बसने पाठवले आणि गाडी परत मागवली. मी गेलो. कासाराच्या बांगड्यांच्या पेट्या एका चिंचेखाली उतरवल्या आणि गाडी घेऊन आलो. मंत्री आले नाहीत. पेट्यांवरून गुरे गेली. तो कासार नंतर आला, वहीत सही केली आणि उरलेला किराया ठेवून गेला. पुन्हा तो आमच्याकडे फिरकला नाही.

मी त्या आठवड्यात कचेरीच्या भिंतीवर रंगाने लिहून घेतले: ‘दारातून गेलेली गाडी ठरल्या वेळेआधी कोणत्याही कारणास्तव परत मागितली जाणार नाही.’ मालकांनी खाली सही केली. मला या वाक्याचा अतिशय अभिमान होता. ‘कोणत्याही कारणास्तव’ हे शब्द मी खास घातले होते. पुढे याच वाक्यामुळे हमीदाबींचा धंदा बुडायच्या बेताला आला.

हमीदाबी म्हणजे स्टेशनजवळच्या तांबोळीण. नवऱ्यामागे पानांचे दुकान त्या एकट्या चालवीत. पानांचे करंडे रेल्वेने येत आणि त्यातला मोठा वाटा जिंतूरच्या रस्त्यावरच्या पानवाल्यांकडे जाई. झरी, बोरी आणि खुद्द जिंतूर. ही लाइन नवऱ्याने बांधलेली होती. तो गेल्यावर दुसऱ्या एका व्यापाऱ्याने तिच्यावर डोळा ठेवला होता. एक फेरी चुकली की पानवाले त्याच्याकडे जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. बसवाले करंडे घेत नसत, कारण ओले करंडे टपावरून ठिबकतात आणि खालचे उतारू भांडतात. बैलगाडीने उन्हाळ्यात पान नेणे म्हणजे ते वाटेत शिजवणे. म्हणून आठवड्यातून एकदा, सोमवारी, त्या आमचा डबा किरायाने घेत.

गाडी चालवीत त्यांचे भाऊ युसुफमियाँ. ते संस्थानच्या फौजेत होते, एवढ्यावरून गावातले काही लोक त्यांच्याबद्दल काय काय बोलत. फौजेत ते भटारखान्याची भांडी वाहणारी लॉरी चालवीत असत. पोलिस ॲक्शननंतर त्यांना कोणी नोकरीवर ठेवायला धजेना. पहिल्यांदा ते आले तेव्हा मी वहीत त्यांच्या नावापुढे ‘ड्रायव्हर’ लिहिले. त्यांनी ते बोटाने दाखवले.

“मुन्शीजी, हे नको. किरायादार लिवा.”

मी खोडून किरायादार लिहिले. त्यांनी सही वळणदार उर्दूत केली, आणि त्या दिवसापासून दर सोमवारी, इस्त्री केलेला सदरा घालून, ते किरायादार म्हणून येत राहिले. दोन वर्षांत त्यांच्या नावावर एकही पोचा नव्हता. जिंतूरची लाइन गेली असती तर हमीदाबींचे अर्धे दुकान गेले असते आणि युसुफमियाँच्या हातचे चाकच गेले असते.

आता नागनाथशेठ. कापडाचे व्यापारी, परभणीत मोठे दुकान, आणि जिंतूरला दुसरे उघडायचे ठरलेले. उद्घाटन गुरुवारी. कापडाच्या गाठी मंगळवारी येणार होत्या, पाटी रंगवणाऱ्याकडे पाटी अजून ओली होती, म्हणजे निघायचे बुधवारी. पण जिंतूर पडते उत्तरेला, आणि बुधवारी उत्तरेला दिशाशूळ. बुधवारी त्या दिशेला निघू नये असे ज्योतिषी सांगतात.

यावर आपल्याकडे तोडगा आहे, आणि तो मला नेहमीच कायदेपंडितांच्या तोडीचा वाटत आला आहे. त्याला प्रस्थान ठेवणे म्हणतात. चांगला दिवस पाहून आपली एखादी वस्तू घराबाहेर, जायच्या दिशेला, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे आपणही निघालो असे धरले जाते. मग आपण सोयीने मागून जायचे आणि वाटेत ती वस्तू उचलायची. अट एवढीच, की एकदा ठेवलेले प्रस्थान परत घरी आणायचे नाही. राजाचे प्रस्थान दहा दिवस टिकते आणि व्यापाऱ्याचे तीन, असे शेठ म्हणाले. राजेच राहिले नसल्याने उरलेल्या सात दिवसांचे काय झाले, हे मी विचारले नाही.

रविवारी मुहूर्त चांगला होता. शेठनी थोरली रविवारपासून गुरुवारपर्यंत किरायाने घेतली. सकाळी त्यांच्या दारात बँड वाजला. गाडीच्या बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, नारळ फोडला, झेंडूचा हार घातला. शहरातल्या एका पुढाऱ्याने व्यापार आणि राष्ट्र यांच्या संबंधावर पाऊण तास भाषण केले. फोटो काढणाऱ्याने सगळ्यांना उन्हात उभे केले. मग शेठच्या पुतण्याने, लायसन त्याचेच होते, रिकामी गाडी सुरू केली आणि ती तीन फर्लांगांवर, जिंतूरच्या रस्त्याला लागून असलेल्या शेठच्या मामांच्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात नेऊन उभी केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे घरी जेवायला गेले. मोटारगाडीचे प्रस्थान परभणीत पहिल्यांदाच झाले असे शेठ सांगत होते, आणि त्याबद्दल मलाही शंका नाही.

त्याच दुपारी धाकटी बसमतहून बैलांनी ओढत आणली गेली. तिचा गिअरबॉक्स गेला होता.

सोमवारी सकाळी हमीदाबी आणि युसुफमियाँ हातगाड्यांवर तीस करंडे घेऊन आमच्या दारात आले. वैशाख होता. मंगळवारी मोठी लग्नतिथी. जिंतूरच्या आसपास गावोगाव लग्ने होती, आणि पान-विड्याशिवाय लग्न पुरे होत नाही. वर्षातली सगळ्यात मोठी फेरी होती ती.

“गाडी?” हमीदाबींनी विचारले.

“धाकटीचा गिअरबॉक्स उघडलाय. आणि थोरली नागनाथशेठनी नेली. जिंतूरला निघाली.”

“शेठ तर दुकानात बसलेत. आत्ताच बघून आले मी.”

“शेठ बसलेत. गाडी निघाली.”

“कुठवर गेली?”

“जिनात उभी आहे.”

“मुन्शीजी, उभी हाय का निघाली हाय?”

“उभी राहून निघाली आहे,” मी म्हणालो, आणि प्रस्थान म्हणजे काय ते समजावून सांगितले.

“तुमच्यात निघालेला माणूस असा कितीक दिस उभा ऱ्हातो?”

“व्यापारी असेल तर तीन.”

“पान न्हाई ऱ्हात. पान काय शेठ हाय?”

मी त्यांना भिंत दाखवली. त्यांना मराठी वाचता येत नव्हते, म्हणून नियम मोठ्याने वाचून दाखवला. तो वाचताना मला त्याची भाषा नेहमीसारखीच आवडली, हे कबूल केले पाहिजे.

“चांगलं लिवलंय,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी भांडावे असे मला वाटत होते, म्हणजे मला उत्तर देता आले असते. त्या आमच्या पायरीवर सावलीत बसल्या, एक करंडा उघडला आणि पाने फिरवायला लागल्या. पान बांधून ठेवले की आतून तापते. ते उघडून, उलटून, डागाळलेले काढून टाकावे लागते, नाहीतर एक पान शेजारच्या दहांना घेऊन जाते. युसुफमियाँ आडावरून पाणी आणून पोती भिजवत होते. पोती पंधरा मिनिटांत वाळत होती. पायरीच्या कडेला काळ्या पानांचा ढीग वाढत होता. मी आत बसून वही उघडली, आणि दोन वर्षांपूर्वीचे पोचे वाचत बसलो.

बारा वाजून गेले तेव्हा मी बाहेर येऊन म्हणालो, “हमीदाबी, नियम मीच केलाय. तो मीच मोडला तर कोण पाळणार?”

“बरोबर हाय तुमचं.” त्यांनी हात थांबवले नाहीत. “कशापायी केला होता?”

मी त्यांना कासाराची गोष्ट सांगितली. चिंच, पेट्या, गुरे, सगळे.

“मंजे मोठ्या माणसासाटी गरिबाचा माल खाली उतरवला, म्हनून केला.”

“हो.”

“मंग तो माज्यासारखीसाटीच केला की. मंग माज्यावरच का लावायलाव?”

मी पुष्कळ पुस्तके वाचली आहेत. न्याय, नीती, कायद्याचे राज्य यांवरची उर्दूतली, मराठीतली, इंग्रजीतली. त्यांतले एकही मला त्या वेळी उपयोगी पडले नाही. मी टोपी घातली आणि नागनाथशेठकडे गेलो.

दुकान आणि घर एकच होते. पुढे गादी, मागे ओसरी, आणि ओसरीवर शेठच्या आई तुरीची डाळ निवडत बसलेल्या. ऐंशीच्या घरातल्या. मी शेठना सगळे सांगितले. गाडी आज द्या, उद्या सकाळी जिनात परत उभी करतो, तुमचे जाणे बुधवारी आहे, काही बिघडत नाही.

शेठ वाईट मनाचे नव्हते. त्यांनी मला पाणी दिले, खडीसाखर दिली. मग म्हणाले, “मुन्शीजी, प्रस्थान मागं घेतलं तर दुकान चालल का? सगळ्या गावासमोर काढलंय. बँड लावला. फोटो निघालाय.”

“मागे कुठे घेतो? गाडी जिंतूरलाच जाणार आहे. तुमच्याच दिशेला.”

“आन परत येनार न्हाई व्हय? माजा माल न्यायला तिला परत यावंच लागंल. मंजे प्रस्थान जाऊन परत आलं. त्ये तर आनखीच वंगाळ.” हा मुद्दा बिनतोड होता. त्यावर त्यांनी दुसरा घातला. “आन तुमच्याच भिताडावर लिवलंय न्हवं? कोन्त्याबी कारनास्तव.”

माझे वाक्य मला असे कुणी तोंडावर ऐकवले नव्हते. ‘कोणत्याही कारणास्तव’ हे शब्द नसते तर बरे झाले असते असे त्या क्षणी वाटले. मी उठलो.

तेवढ्यात आईंनी सूप खाली ठेवले. “नागनाथ, कोन्त्या गाडीचं चाललंय?”

“परस्थानाची गाडी, आई. जिनात ठेवली ती.”

“ती आपली हाय व्हय?”

“न्हाई. किरायानं आनली.”

“कुनाकडून?”

“ह्यांच्या मालकाकडून.”

आई माझ्याकडे वळल्या. “मुन्शीजी, तुमच्या मालकाला जिंतूरला जायचंय का?”

“नाही, आई.”

“मंग त्ये कशाला निघालेत कालपासून?”

शेठना समजायला थोडा वेळ लागला. मला त्याहून थोडा जास्त.

“आरं, परस्थानाला आपली वस्तू लागती,” आई म्हणाल्या. “आपल्या जिवाची. मानसाचा जीव जिच्यात हाय ती म्होरं जाती, मंग माणूस मागनं जातो. लोकाची वस्तू ठिवली तर लोक निघतेत. तुजं परस्थान झालंच न्हाई. तू हितंच हाईस.”

कापड घ्यायला आलेल्या दोन बायकासुद्धा थांबून ऐकत होत्या. शेठनी ज्योतिषीबुवांना बोलावणे धाडले. ते शेजारीच राहत, लगेच आले, सगळे ऐकले, आणि हा मुद्दा आपल्या मनात रविवारीच आला होता असे म्हणाले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे सोमवारही उत्तरेला चालण्यासारखा होता. मात्र प्रस्थान संध्याकाळच्या आत ठेवायला हवे होते.

“छत्री ठिवतो,” शेठ म्हणाले.

“ती फाटकी?” आईंनी विचारले. “तिच्यात जीव हाय तुजा? मंग आमच्यात कशाला ऱ्हातो?”

शेठ आत गेले आणि चांदीच्या मुठीची काठी घेऊन आले. एका सत्कारात मिळालेली होती. सभेला जाताना ते ती हातात धरीत, टेकत नसत. आईंनी मान हलवली. ही चालेल.

मी, पुतण्या आणि काठी असे तिघे जिनात गेलो. मामांनी काठी कपाशीच्या कोठीत भिंतीला टेकवून ठेवली, तिच्यावर अक्षता टाकल्या. यावेळी बँड नव्हता. पुतण्याने गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. करंडे चढवायला शेठनी आपले दोन हमाल मागून पाठवले होते, ते मी मागितले नव्हते.

गाडी निघाली तेव्हा चार वाजायला आले होते. हार आणि स्वस्तिक काढायला कोणाला सुचले नाही. मी मागे करंड्यांत बसलो, कारण वाटेत पाने फिरवायला हात हवे होते. हमीदाबी पुढे भावाशेजारी बसल्या. युसुफमियाँनी त्या दिवशी गाडी जशी चालवली तशी मी नंतर कोणाची पाहिली नाही. खड्डा दिसला की करंडा स्वतःच्या मांडीवर घेतल्यासारखी. झरीला त्यांचा पानवाला वाट पाहत होता. बोरीला उशीर झाला होता. तिथल्या पानवाल्याने दुपारीच दुसऱ्याचा माल घेतला होता, आणि तो घेतल्याचे सांगताना तो हमीदाबींच्या नजरेला नजर देईना.

“लग्नं हाईत, भाबी. किती थांबू?”

“न्हाई, तू बरोबर केलंस,” त्या म्हणाल्या. बोरी त्या दिवशी गेली ती गेलीच.

जिंतूरला पोचलो तेव्हा ऊन उतरले होते, दिवस होता. चार पानवाले एका दुकानाच्या फळीवर ओळीने बसले होते. त्यांतला म्हातारा उठला, करंडा उघडून त्याने एक पान उन्हाकडे धरले, दुमडून पाहिले. “भाबी, आमी म्हणलो आता काय येत न्हाईत. हा म्हनला, थांबू. हा म्हनला, जाऊ. मी म्हनलो, आजवर चुकली न्हाई, सांजपतुर बघू.” चौघांनीही माल घेतला. लाइन राहिली, आणि पुढे कित्येक वर्षे राहिली.

तीस करंड्यांतले अकरा आम्ही फेकले. मी नंतर हिशेब केला, पैशांचा नव्हे, वेळेचा. सकाळी नऊला ते माझ्या दारात आले आणि एक वाजता मी टोपी घातली. ते चार तास मी वाक्याच्या बाजूने बसलो होतो. हमीदाबींनी हे मला कधी बोलून दाखवले नाही. दर सोमवारी येत, सही युसुफमियाँ करीत, आणि जाताना त्या माझ्या टेबलावर एक विडा ठेवीत. तो खाताना मला अजूनही त्या पायरीवरचा काळा ढीग आठवतो.

मंगळवारी सकाळी गाडी परत आली. प्रदक्षिणा घातली, नवा पोचा नव्हता. त्याच आठवड्यात भिंतीवरच्या नियमाखाली मी एक ओळ वाढवली: ‘उभ्या गाडीस हा नियम लागू नाही.’ मालकांनी न वाचता सही केली.

बुधवारी नागनाथशेठ निघाले. पुन्हा बँड, पुन्हा हार. पुढारी आले होते आणि त्यांनी रविवारचेच भाषण केले, पण लोक तेच नसल्याने चालले. गाठी भरल्या, ओली पाटी गाठींवर आडवी घातली, पुतण्याने गाडी सुरू केली आणि शेठ पुढे बसले. जिनापुढून जाताना गाडी थांबवायची आणि काठी घ्यायची होती. पण पाटी घसरू लागली होती, तिला मागे दोघे धरून बसले होते आणि तिकडेच सगळ्यांचे लक्ष. आठवण झाली ती बोरी ओलांडल्यावर. मागे वळणे बरे नव्हे असे ज्योतिषीबुवांनी निघतानाच सांगितले होते.

दुकान गुरुवारी उघडले आणि व्यवस्थित चालले. काठी पुढच्या आठवड्यात घरी आणावी असे शेठच्या मनात होते, पण आईंनी विचारले की ठेवलेले प्रस्थान परत घरी कसे आणतोस. ज्योतिषीबुवांनाही हे पटले. काही वर्षांनी मी ती नोकरी सोडली तेव्हा काठी जिनातच होती. फाटकाची कडी मोडली होती आणि चौकीदार कडीऐवजी काठीच आतून आडवी लावत असे.